सुताराची पेटी : बलुत्यापासून भंगारबाजारापर्यंत

घरात एखादा पाट हवा असतो, भिंतीला फळी हवी असते, शाळेत नकाशा टांगायला चौकट हवी असते. काम तसं लहानच. पण ते आपल्या हातानं करायचं म्हटलं की दोन प्रश्न पुढे उभे राहतात. हत्यार कुठून आणायचं आणि लाकूड कुठून आणायचं? शिवाय दोन्ही अशी हवीत की पदरचा पैसा वाया जाऊ नये. हे प्रश्न आजचे वाटतात, पण त्यांच्या मागे मोठा इतिहास आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यात तर तो अवघ्या दोन-तीन पिढ्यांत पार उलटापालटा झाला. आज आपण तोच पाहू. तो समजला म्हणजे बाजारात काय घ्यावं आणि काय सोडावं, हेही बरंचसं समजू लागतं.

आज जिथे मोटारींचे कारखाने दिसतात, तो मुलूख विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतीचा होता. चाकण हे कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजाराचं गाव. मोशी, चिखली, भोसरी ही कुणब्यांची गावं. अशा गावात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक असे, आणि तोही थोरल्या कासेतला. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झालं. त्यात या पद्धतीचं बारकाईनं वर्णन आहे. सर्वसाधारण रीत अशी : कुणब्यानं बांधावरची बाभूळ तोडून आणावी, सुतारानं तिचा नांगर, कुळव, पाभर करावी, वर्षभर दुरुस्ती करावी आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा आपला वाटा घ्यावा. घरबांधणीचं किंवा गाडीचं मोठं काम असलं तर त्याची बोली वेगळी.

आता या सुताराची पेटी उघडून पाहू. तीत वाकस, तासणी, करवत, पटाश्या, किंकरं, रंधा, गुण्या अशी हत्यारं असत. भोक पाडायला सामता असे. कमानीच्या दोरीनं तो पुढेमागे फिरवायचा. यातली लाकडी अंगं सुतार स्वतः करी, आणि पाती गावचा लोहार घडवी. लोखंडाच्या पात्याला धारेच्या बाजूस पोलादाची पट्टी सांधायची आणि मग पाणी द्यायचं, ही लोहाराची खरी कसोटी. पाणी जास्त झालं तर धारेचा तुकडा उडतो, कमी झालं तर धार वळते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हत्यार घडवणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत होते. पटाशीची धार आज वळली तर उद्या सकाळी ती लोहाराच्या भात्यापुढे जाऊन पडे. लोहाराच्या घराचं दार मोडलं तर ते सुतारच नीट करी. हत्यार स्वस्त पडे, त्याचं कारण त्याची जबाबदारी घेणारा माणूस चार घरं पलीकडे राहत असे. आजच्या भाषेत बोलायचं तर हमीपत्र कागदावर नव्हतं, शेजारात होतं.

पण म्हणून तो काळ सोन्याचा होता, असं समजायचं कारण नाही. सुताराची विद्या सुताराच्या पोरालाच मिळे. दुसऱ्या जातीच्या मुलाला कितीही हौस असली तरी त्याच्या हाती रंधा येणं अवघड, आणि मुलीच्या हाती तर नाहीच. दुष्काळ पडला की खळंच रिकामं, मग बलुतं कुठलं? १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, या सगळ्यांत कुणब्याबरोबर बलुतेदारही भरडला गेला. तेव्हा आज एखादी शिक्षिका किंवा एखादा शेतकरी हौसेनं पटाशी विकत घेतो, ही साधी बाब नाही. हत्यार जातीच्या कुंपणाबाहेर आलं आहे. ते आता सर्वांना परवडलं पाहिजे, हा पुढचा भाग.

लाकडाची कथा थोडी निराळी आहे. गावात बाभूळ होती, पण इमारतीचं लाकूड लांबून येई. पुण्याचा शनिवारवाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. त्याला साग जुन्नरच्या जंगलातून आला, चुना जेजुरीच्या बाजूचा आणि दगड आपल्या चिंचवडच्या खाणींतला, असं परंपरेनं सांगतात. १८२८ साली वाड्याला आग लागली आणि तो कित्येक दिवस जळत राहिला. पण पुण्याच्या पेठांतून सागाचे खांब, तुळया आणि कडीपाट असलेले इतर वाडे पुष्कळ होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचे कितीतरी वाडे कोसळले. नंतरच्या काळात जुने वाडे पाडून इमारती झाल्या. त्या वाड्यांचा साग जुन्या लाकडाच्या बाजारात आला. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड नव्या ओल्या लाकडासारखं पिळत नाही. जुन्या तुळईची फळी पारखून घेतली तर अजूनही पैशाचं मोल देते, ते यामुळे.

१८५८ साली आगगाडी पुण्याला पोचली, आणि हत्यार व लाकूड या दोहोंची वाट बदलली. मुंबईच्या बंदरातून ब्रह्मदेशचा साग घाटावर चढू लागला. या सागाच्या व्यापारासाठी निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी मुंबईतच, १८६३ साली स्थापन झाली. त्याच आगगाडीनं विलायती हत्यारंही आणली. इंग्लंडमधल्या शेफील्ड गावी बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं अठराव्या शतकाच्या मध्यास मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली होती, आणि तिच्या जोरावर त्या गावच्या पटाश्या आणि करवती जगभर गेल्या. गंमत अशी की मुशीतलं पोलाद करण्याची विद्या आपल्या दक्षिण हिंदुस्थानात त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होती. मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञानं १८१९ च्या सुमारास त्या पोलादाचा अभ्यास केला होता. पण आपली रीत लहान भट्टीतच राहिली आणि त्यांची कारखान्यात गेली. अमेरिकेत स्टॅन्ली कंपनीनं १८६९ साली लेनर्ड बेली याचा रंध्याचा धंदा विकत घेतला. पातं खालीवर करायला चक्री असलेला लोखंडी रंधा तेव्हापासून सर्वत्र पसरला.

विलायती करवतीनं एक अडचणही आणली. आपली जुनी करवत अंगाकडे ओढताना कापते, तर विलायती करवत पुढे ढकलताना कापते. त्यामुळे नुसतं हत्यार बदलून भागत नव्हतं, बसण्याची, लाकूड धरण्याची सवयही बदलावी लागत होती. आपला सुतार जमिनीवर बसून पायानं लाकूड दाबून धरी. नव्या हत्याराला टेबल आणि शेगडा हवा. म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! आजही घरी काम सुरू करणारानं ही म्हण विसरू नये. एक यंत्र घेतलं की त्याच्यामागे पाती, साचे, जोडण्या यांचा खर्च रांगेनं येतो.

मग १९०३ साल उजाडलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला लोखंडी नांगर तयार केला. आधी शेतकऱ्यांना तो पटेना, पुढे पटला. जमिनीसाठी ते चांगलंच झालं, पण सुताराच्या बलुत्यातला मोठा आधार त्यानं काढून घेतला. पुढे रबरी टायरची बैलगाडी आली आणि लाकडी चाकाचंही काम गेलं. गावच्या सुताराची पेटी हळूहळू रोख पैशाच्या कामाकडे वळली. आता तो दारं, खिडक्या, पलंग करू लागला.

हे चाललं असतानाच आपल्या पट्ट्यात कारखाने आले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी इथे आखीव औद्योगिक वसाहत वाढू लागली. आकुर्डीला स्कूटरचा आणि पिंपरीला मालमोटारींचा कारखाना झाला. पाहता पाहता १९८२ साली या गावांची महानगरपालिका झाली. पुढच्या लाटेत चाकणची पाळी आली. २००९ सालापर्यंत तिथे परदेशी मोटारींचे मोठे कारखाने चालू झाले होते.

लोखंडाच्या या राज्यात सुताराचं काय काम, असं कोणी विचारील. काम होतं, आणि फार नाजूक होतं. यंत्राचा भाग ओतायचा तर आधी वाळूत त्याचा ठसा उमटवावा लागतो, आणि ठशासाठी लाकडाची हुबेहूब प्रतिकृती लागते. तिला ओतशाळेत पॅटर्न म्हणतात. ती करणारा तो पॅटर्नमेकर, म्हणजे सुताराचाच भाऊ. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा सुमारे एक भाग, म्हणजे फुटामागे इंचाचा आठवा भाग आकसतं. तेवढं माप आधीच वाढवून पॅटर्न करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच मुळी लांबवलेली असते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा इंचाचा आठवा भाग मोठा असतो. ही पट्टी जर तुम्हाला भंगारात स्वस्त मिळाली आणि तिनं तुम्ही कपाट मापलं, तर सगळं चुकलंच म्हणून समजा. जुनी पट्टी घेताना साध्या टेपशी ताडून पाहावी, ती यासाठी.

कारखान्यांनी आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे खोक्यांचं लाकूड. यंत्रं आणि सुटे भाग लाकडी पेट्यांतून आणि फळ्यांच्या चौथऱ्यांवरून येतात. पूर्वी अशा लाकडाला आपल्याकडे सरसकट देवदारी म्हणत. आज त्यातलं बरंचसं पाइन जातीचं असतं, आणि चौथऱ्याला पॅलेट म्हणतात. कामगार वस्त्यांतल्या मांडण्या, बाकडी, कोंबड्यांची खुराडी या लाकडातून होत आली. ते हलकं असतं, करवतीला मऊ लागतं आणि स्वस्त मिळतं. नवख्या हाताला सराव करायला याहून बरं लाकूड नाही.

पण तेही पारखून घ्यावं. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. त्याप्रमाणे परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि काही इंग्रजी अक्षरं डागलेली असतात. त्यांत एच. टी. ही अक्षरं असली तर लाकूड गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश सेल्सिअसला तीस मिनिटं तापवलेलं आहे, असं समजावं. एम. बी. असली तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. असं लाकूड घरात आणू नये. ज्यावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, ज्याला वास मारतो, त्याची मुलांची खेळणी किंवा पोळपाट तर मुळीच करू नये, आणि चुलीतही घालू नये.

अशा जुन्या लाकडाचा, जुन्या हत्यारांचा आणि लोखंडाचा मोठा बाजार चिखलीजवळच्या कुदळवाडीत वाढला. कारखान्यातून बाहेर पडलेलं तिथे येई, निवडलं जाई आणि पुन्हा कामाला लागे. त्याला दुसरी बाजूही होती. बांधकामं परवानगीवाचून झालेली, दाटी फार, आगी वरचेवर लागायच्या आणि धुराचा लोकांना जाच व्हायचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. नियमाचा मुद्दा खराच होता. पण त्याबरोबर शेकडो लहान माणसांचा धंदा उठला आणि गरीब कारागिराचं स्वस्त दुकानही गेलं, हेही तितकंच खरं. शहराला सुरक्षित बाजार हवा, आणि टाकाऊ वस्तू निवडून पुन्हा वापरात आणणारी माणसंही हवीत. या दोन्हींची सांगड घालून जागा नेमून देणं हे काम अजून नीट झालेलं नाही. त्याची किंमत ज्याच्या खिशात कमी, तो देतो.

मग आज जावं कुठे? पुण्यात मंगळवार पेठेच्या अंगाला भरणारा जुना बाजार पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. रविवार पेठेतली बोहरी आळी खिळे, बिजागऱ्या आणि हत्यारांसाठी, आणि भवानी पेठेतला लाकूडबाजार लाकडासाठी. नवी हत्यारं बऱ्याच अंशी जालंधर, नागौर आणि आपल्या नाशिककडून येतात. गावच्या बाजारात फिरते लोहार मोटारीच्या जुन्या पाट्याचं पोलाद ठोकून वाकस, कुऱ्हाडी करून देतात. पाट्याचं पोलाद चिवट असतं, त्यामुळे ठोक्याच्या हत्याराला ते उत्तम.

जुनं हत्यार घेताना चार गोष्टी पाहाव्या. पटाशीच्या पात्याची लांबी किती उरली आहे आणि पाठ सपाट आहे का, ते बघावं. वरवरचा गंज पुसता येतो, पण धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर ती सोडावी. करवत डोळ्यासमोर धरून पात्याच्या कडेनं नजर टाकावी. पातं वाकडं असेल तर फुकटही घेऊ नये. रंध्याचा तळ गुण्यावर किंवा सरळ पट्टीवर उजेडाकडे धरून पाहावा, आणि तोंडाशी तडा नाही ना, हे बोटानं चाचपावं. कानस मात्र जुनी कधी घेऊ नये. झिजलेल्या कानशीला पुन्हा धार येत नाही. काही लोक जुन्या कानशीची पटाशी करतात. कानशीचं पोलाद कडक पण ठिसूळ असतं. जाणत्या लोहारानं ते तापवून थोडं नरम केलेलं नसेल तर ठोक्याबरोबर त्याची कपची डोळ्यात जाऊ शकते.

लाकूड घनफुटानं विकतात. बारा फूट लांब, सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी म्हणजे बरोबर एक घनफूट. हे एक गणित पाठ असलं की वखारीत फसगत होत नाही. शिक्षकांनी ते वर्गात अवश्य घालावं. जुन्या तुळईत मोडके खिळे असतात, तेव्हा चुंबक फिरवल्याशिवाय करवत लावू नये. भोकांतून बारीक पीठ गळत असेल तर आत किडा जिवंत आहे. आणि सागाची पावती मागून घ्यावी. साग आपल्याच बांधावरचा असला तरी १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणे तोडायला परवानगी लागते.

शिक्षक मंडळींसाठी आणखी थोडं. शाळेत लाकूडकाम असावं, हा विचार नवा नाही. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या पुढाकारानं १८६६ साली ग्रामीण शाळांतल्या मुलांना हस्तकाम सक्तीचं झालं. स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी नेस या गावी शिक्षकांना त्याचं शिक्षण दिलं. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या विचारानं मूलोद्योगाचं शिक्षण पुढे आलं. त्यात सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. चाकणहून फार दूर नसलेल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. मुलांनी हातानं करत शिकावं, लोकांच्या उपयोगाचं करावं, हा त्यांचा मार्ग महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांपर्यंत गेला आहे.

या सगळ्या प्रयोगांतून एक गोष्ट घेता येते. आरंभाला हत्यारं फार लागत नाहीत. एक गुण्या आणि पट्टी, एक करवत, अर्ध्या आणि एक इंचाच्या दोन पटाश्या, एक रंधा, एक हातोडा आणि दोन अंगांचा धारेचा दगड, एवढ्यावर वर्षभराचं काम निघतं. पैसा कमी असेल तर यातलं एखादं हत्यार उशिरा घ्यावं, पण धारेचा दगड आधी घ्यावा. बोथट महाग पटाशीपेक्षा धारदार साधी पटाशी बरी. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो खरं. पण हत्याराला धारच नसेल तर चांगल्या सुताराचाही हात वाकडाच जातो.

ज्यांचा धंदाच सुतारकाम आहे, त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. नोंदणी आणि थोडं प्रशिक्षण झाल्यावर हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजानं कर्ज अशी तिची रचना आहे. गावात कोणी असा कारागीर असेल आणि त्याला कागदपत्रांची भीती वाटत असेल, तर शिक्षकानं अर्ध्या दिवसाची मदत करावी.

पेटी घडवणारा लोहार आता चार घरं पलीकडे राहत नाही. हत्यार शेकडो मैलांवरून येतं आणि विकणाऱ्याला त्याच्या पाण्याची माहिती नसते. पण पारख असलेला म्हातारा सुतार अजून पुष्कळ गावांत आहे. बाजाराला जाताना त्याला बरोबर न्यावं, चहा-भाकरी द्यावी आणि त्याच्या दिवसाची मजुरीही द्यावी. तो नखावर धार घासून जे सांगेल, ते दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. आणि जाताना शाळेतली दोन पोरंही सोबत घ्यावीत, त्यांतली एक मुलगी असावी.